नवा टेप आणि झरीच्या आजीची थाप

मंडळी, परभणी-जिंतूर रस्त्यावर बारा वर्षं झाली काळीपिवळी जीप चालवायलोय, पण आजच्यासारखा थकवा कधी आला न्हाई.

गाडीतला कंपनीचा टेप लय खरखरायचा. परवा तो काढून नवा बसवला, मागच्या सीटखाली बेसचा डबा टाकला. आवाज असा की छाती हालते. पॅसेंजर खूश, मी बी खूश.

आमच्याकडं उतरायचं असलं की मागचा माणूस पत्र्यावर थाप मारतो. आज दुपारी झरी गाव आलं, थाप न्हाई. मी दामटली पुढं. दोन-तीन किलोमीटरनं गाणं संपलं आणि मग धाड धाड ऐकू आलं. 'माझा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा, अठ्ठेचाळीसचा' असं सगळ्यांना सांगणारी आमची नेहमीची आजी पत्रा बडवत होती. तळहात लालबुंद.

गाडी वळवली, झरीला आणली. म्हणालो, "आजी, चुकलं. टेपामुळं आयकू आलं न्हाई."

उतरता उतरता आजी म्हणाली, "तुजी तर पाठ होती लेकरा. पर ही धा माणसं माझ्या मांडीला मांडी लावून बसलीत. ह्यांना तर दिसत हुतं की."

मागं सगळे मोबाईलात.

बेस कमी केलाय. पण घरी आल्यापासून एकच विचार करायलोय. मागं मी बसलेलो असतो, तर आजीसाठी एक थाप मारली असती का?

तुमी मारली असती?