न पोहोचलेल्या सतरा चौकशा

परवा मी पुण्याला हॉस्टेलवर परत जाणार आहे. शेवटचं वर्ष सुरू होतंय. बॅग भरता भरता या उन्हाळ्याचा विचार केला की सगळ्यात आधी मनात येतं ते एवढंच, की सुटले.

वर्गातल्या बाकीच्यांना पुण्यातल्या मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप मिळाली. मला मिळाली अलिबागला, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऑफिसात सर आणि मी, दोघंच. सर पूर्वी मुंबईत नोकरीला होते, आता इकडच्या हॉटेलांच्या आणि होमस्टेंच्या वेबसाइट बनवतात. आमचं गाव लांब, तळा तालुक्यात. रोज येणं-जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी अलिबागला मावशीकडे राहिले. पहिले पंधरा दिवस एकच धास्ती होती: हिला काही येत नाही, हे सरांना कधी कळेल. कॉलेजात मी कागदावर कोड लिहून मार्क मिळवले होते. इथे लिहिलेलं खरोखर चालायला हवं होतं.

मला एकटीला मिळालेलं पहिलं काम नागावच्या एका काकींचं. नारळाच्या वाडीत त्यांच्या चार खोल्या आहेत. स्वयंपाक त्या स्वतः करतात आणि बुकिंग भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. त्यांचा मुलगा पनवेलला असतो. पोहण्याचा तलाव नसेल तर हल्ली कोणी येत नाही, असं तो सारखं सांगायचा. काकींनी मला सगळ्या खोल्या दाखवल्या, फोटोसाठी नव्या चादरी घातल्या. आठवड्याभरात मी वेबसाइट तयार केली. त्यात एक फॉर्म होता. पाहुण्यांनी तारीख आणि फोन नंबर भरला की तो काकींना मेलवर जायचा.

म्हणजे जायला हवा होता. वेबसाइट सुरू झाली आणि दोन आठवडे काहीच आलं नाही. काकींचा एकदा फोन आला. "कोनी इचारीत न्हाय गो," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "काकी, थोडे दिवस जाऊ द्या."

मग एका सोमवारी दुसऱ्या कामासाठी मी चाचणीचा मेल उघडला. हा मेल आम्ही फक्त तपासणीसाठी ठेवला होता. त्यात सतरा चौकशा पडून होत्या, सगळ्या काकींच्या. फॉर्म तपासताना मी तिथे हा पत्ता घातला होता आणि बदलायला विसरले होते. एका बाईंनी दोनदा लिहिलं होतं. त्यांची आई वॉकर घेऊन चालते, खालची खोली मिळेल का, असं पहिल्यांदा. दुसऱ्यांदा फक्त, "तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

पत्त्याची ती ओळ बदलायला मिनिटही लागलं नाही. मेल पुसून टाकले असते तर कोणाला कळलंही नसतं. तो विचार मनात आला, खोटं कशाला सांगू. पण मी मेल तसेच ठेवले आणि सरांना सांगितलं.

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "मीही तपासायला हवं होतं," म्हणाले. "काकींना कोण सांगणार?"

"मी जाते."

"आधी जेवून घे, मग जा."

जेवण काही गेलं नाही. शेअर रिक्षाने नागावला पोहोचले तेव्हा काकी अंगणात कैरीच्या फोडी वाळत घालत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"म्हंजे लोक इचारीत होते?"

"हो काकी. सतरा जण. चूक माझी आहे."

त्या खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. "मला वाटलं, आपली जागाच कोनाला आवडली न्हाय. पोराला सांगितलं पन, तुझंच खरं हाय म्हणून." मग म्हणाल्या, "माझे दोन शनिवार रिकामे गेले. मी चिडलेय हां तुझ्यावर. त्या फोडी पसरव आधी."

मी फोडी पसरवल्या. नंतर ओटीवर बसून मी नंबर लावत गेले आणि काकी बोलत गेल्या. काहींनी दुसरीकडे बुकिंग केलं होतं, दोघांनी फोनच उचलला नाही. पाच जण यायला तयार झाले. वॉकरवाल्या आजींची मुलगी आधी तुटक बोलत होती. काकींनी बाथरूमला उंबरा नाही हे सांगितल्यावर तिचा आवाज निवळला. निघताना काकींनी मला चहा दिला. साखर जरा जास्तच होती, पण मी सगळा प्यायले. परतीच्या रिक्षात कडकडून भूक लागली.

त्यानंतरही माझ्या हातून चुका झाल्या. सर कधी वैतागलेही. पण ती पहिली धास्ती परत आली नाही. काही अडलं की मी खुर्ची वळवायचे आणि सरळ विचारायचे.

काल गावी आले. बाबा कारखान्यातून पाळी संपवून आले होते. हातपाय धुता धुता त्यांनी विचारलं, "जमलं का काम?"

"जमलं," मी म्हटलं. "एकदा मोठी चूक केली."

"मग?"

मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. ऐकून ते हसले, आणि त्यांनी आईला जेवणाची पानं घ्यायला सांगितली.