फळ्यांचा पावसाळा

तुमच्या घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणाच्या वाट्याला येते?

आमच्या घरात ती पत्रकांच्या वाट्याला यायची. वडील वनजमीन कसणाऱ्यांच्या संघटनेचं काम करत. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना रस्त्यालगत आमचं घर होतं आणि ते अर्धं कार्यालयच होतं. छापलेले गठ्ठे फडताळात, पेटीवर, चुलीमागच्या भिंतीशी. मी अक्षरं लावायला शिकले ती त्यांच्यावरच. आई मात्र सारवलेल्या जमिनीवर गोधडी टाकून झोपायची. पावसाळ्यात जमिनीला ओल यायची आणि आईला दमा होता. आषाढ लागला की तिला आडवं होणं जमत नसे, ती भिंतीला टेकून बसायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका उन्हाळ्यात वडिलांनी माळ्यावर लाकडाची जमीन करायची ठरवली. शहापूरच्या वखारीतून सागाच्या फळ्या टेम्पोने आल्या. पावसाच्या आत ठोकायच्या आणि आईचं अंथरूण वर न्यायचं, एवढाच बेत. पण ठोकायला आलेल्या सुतारमामांनी फळी हातात घेतली आणि मान हलवली. वखारीत उघड्यावर उन्हात वाळलेलं लाकूड; आत्ता घट्ट ठोकलं तर पावसात फुगून एकमेकांना उचलणार. एक पावसाळा ते याच घरात राहू द्या, दिवाळीनंतर ठोकू, असं त्यांचं म्हणणं.

वडील भडकले. ‘थांबा’ हा शब्द कचेऱ्यांमधून ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. थांबायला सांगणाऱ्यांनीच गरिबाला बुडवलं, हे तर त्यांच्या प्रत्येक पत्रकात असायचं. ते सगळं त्यांनी सुतारमामांना ऐकवलं.

“कचेरीतला थांब म्हणतो नि आपल्या घरी जाऊन झोपतो,” आई म्हणाली. “हितं दम मला लागतोय, नि थांबूया म्हणतेय ती पण मीच. मंग तुमचं काय जातंय?”

वडिलांनी फळ्या माजघरात रचल्या. मध्ये काहीतरी घालायला हवं, तर त्यांनी पत्रकांचे गठ्ठे घातले. फळ्याही रचून होतील आणि कागदही जमिनीपासून उंच राहील, हा हिशोब. पाऊस सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि माजघरात बुरशीचा वास सुटला. आईने वरची फळी उचलायला लावली. कागदांनी ओल धरून ठेवली होती, वारा कुठून जाणार? एका फळीवर तर आख्खा मथळा उलटा उमटला होता.

सुतारमामा बघायला आले. “फळ्यांना बी सभासद केलंत का?” त्यांनी विचारलं. वडील हसले. आई हसली नाही.

मग वडिलांनी स्वतः बांबू फोडला, कांब्या तासल्या, खाली दगड लावून फळ्या पुन्हा रचल्या. दोन फळ्यांमध्ये कांब्या, हवा खेळती. गठ्ठे गोठ्यात गेले, काहींना वाळवी लागली. आईने त्या रचलेल्या फळ्यांवरच गोधडी अंथरली.

“त्यांना या घराची सवय व्हायचीय ना? मंग माझ्यासंगं होऊ दे.”

दमा गेला नाही. पण त्या पावसाळ्यात माझी आई आडवी झोपली.

दिवाळीनंतर फळ्या ठोकल्या. उलट्या अक्षरांची फळी आईने स्वतःच्या उशाशी लावून घेतली. नंतर किती पावसाळे गेले, ती जमीन कुठे फुगली नाही की उचलली नाही. ‘संयम’ या शब्दाचा मला अजूनही राग येतो, कारण तो नेहमी दुसऱ्याला शिकवला जातो. आईने तो कोणाला शिकवला नाही. तिने सोसला, आणि आम्हाला कोरडी जमीन दिली. हे ऋण मी मानते, आणि छापूनही सांगते.

घरासाठी लाकूड आणलंत तर आधी ते घरात राहू द्या आणि मध्ये हवा ठेवा. आणि आज अंथरुणं पडतील तेव्हा ओलीवर कोणाचं आहे ते बघा. आईचं असेल तर तुमचं उचला आणि जागा बदला.