फुलीची बाजू

अंड्यांच्या बाबतीत ज्ञानदेव रामटेके यांना शिकवायला जायची नागपुरात कुणाची टाप नव्हती. सरकारी उबवणी केंद्रात एकतीस वर्षं काढलेला माणूस. अंडं दिव्यासमोर धरलं की आत जीव आहे की नाही ते सांगायचे, आणि ते तसंच निघायचं. साहेब बदलले, यंत्रं बदलली, पण घोळ झाला की बोलावणं यायचं ते यांनाच. त्याचा थोडा तोरा होता अंगात. का नसावा?

१९८६ च्या मे महिन्यात ते लेकीकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आले. सुजाता आणि जावई श्रीरंग, दोघंही सकाळी आपापल्या गाड्या काढून ऑफिसला जायचे. शाळेला सुट्टी लागल्यावर घरात उरायचे आजोबा आणि चौदा वर्षांची नात दीपा. पोरीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. दोघांचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘येस’ यापुढे सरकेना. म्हातारा मनातून खट्टू होता.

मग जूनमध्ये दीपाच्या सापानं अंडी घातली. हो, सापानं. तळघरात काचेच्या पेटीत तिनं एक नारिंगी मादी पाळली होती, बिनविषारी, आपल्या धामणीच्या गोतातली. शाळेतल्या सरांकडच्या नराशी तिची जोडी लावली होती. चौदा अंडी, लांबुळकी, कातड्यासारख्या मऊ कवचाची. एकमेकांना चिकटायच्या आत दीपानं ती वेगळी केली, ओलसर भुसभुशीत माती भरलेल्या डब्यात ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलीनं एक फुली काढली आणि खाली गरम पाण्याची सोय केली. मोठं होऊन तिला प्राण्यांचंच शिकायचं होतं. या अंड्यांतून पिल्लं निघाली की सर तिला नेचर सेंटरमध्ये काम मिळवून देणार होते.

आजोबांना विषय मिळाला. आठवड्याभरानं त्यांनी तिला टॉर्च बाजूनं धरून आतल्या लाल शिरा दाखवल्या. चौदाच्या चौदा जिवंत. दीपा त्यांचा शब्द न् शब्द वहीत लिहून घेत होती. इतकं मन लावून त्यांचं कुणी ऐकलं त्याला कितीतरी वर्षं झाली होती. फार सुख वाटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी ती दहा दिवसांच्या कॅम्पला निघाली. जाताना म्हणाली, “फक्त टेम्परेचर बघा, आजोबा. दॅट्स ऑल.”

त्यांनी डब्याचं झाकण उचललं. सगळ्या फुल्या वरच होत्या. आता कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात कशी पद्धत असते, तर अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा अंडं फिरवायचं, म्हणजे आतलं पिल्लू कवचाला चिकटत नाही. फुली दिसते की गोल, यावरून फिरवलं की राहिलं ते कळतं. ज्ञानदेवांना वाटलं, पोर हुशार आहे, फुल्या बरोबर काढल्या, पण फिरवायचं राहून गेलं. त्यांनी कौतुकानं खालच्या बाजूंना गोल काढले आणि अंडी फिरवली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. इतक्या हलक्या हातानं की सुजाताचं बाळपणीचं अंगही त्यांनी तसं पुसलं नसेल.

नवव्या दिवशी दोन अंडी पिवळी पडली. त्यांनी दीपाचं लायब्ररीतलं पुस्तक काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचत बसले. सापाचं अंडं कधीही फिरवू नये. आतला जीव वरच्या बाजूला धरून असतो, उलटं केलं की मरतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करावी. त्यांनी ते तीनदा वाचलं.

मग त्यांनी खोडरबर घेतलं. एकेक गोल पुसला आणि सगळ्या फुल्या परत वर केल्या. फिरवलं ते चुकून, मान्य. खोडरबर काही चुकून हातात येत नाही.

दीपा परतल्यावर पंधरा दिवसांत सगळी अंडी सडली. ती वही घेऊन पानं उलटसुलट करत बसायची.

“काय शोधून राहिली बेटा?”

“माझी मिस्टेक,” ती म्हणाली. “आय शुडन्ट हॅव गॉन.”

तेव्हा बोलायचं होतं. सुजाताही म्हणाली, “बाबा, तुम्ही समजवा ना, तुमचं ऐकते ती.” त्यांनी समजावलं. “होतं असं कधीकधी. कोंबडीचीसुद्धा जातात.” सांगितलं तर ती वही मिटेल, परत त्यांना काही विचारणार नाही, याची त्यांना धास्ती होती. एकतीस वर्षांची शान एका पोरीपुढे मातीत जाईल, याचीही.

ऑगस्टमध्ये दीपानं साप नेचर सेंटरला देऊन टाकला. आपल्या हातून त्याचं भलं होणार नाही, म्हणाली. सर देणार होते त्या कामालाही तिनं नाही म्हटलं. तो द्यायला जाताना गाडीत उशीच्या अभ्र्यात बांधलेला साप आजोबांच्या मांडीवर होता. वाटेत दोनदा त्यांनी तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा बाहेरच्या मक्याबद्दल काहीतरी विचारलं. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

परतीचं विमान मंगळवारचं होतं. रविवारी घरात बुद्धवंदना झाली. ज्ञानदेव पंचशीलातलं एकेक शील सांगत होते, घरातले त्यांच्यामागून म्हणत होते. जीवहिंसा न करण्याचं पहिलं त्यांनी कसंबसं ओढलं. दुसरं, तिसरं झालं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं ते अडले. श्रीरंगनं डोळे उघडून पाहिलं. सुजाता पाणी आणायला उठली.

दीपाला वाटलं, आजोबा विसरले. ती त्यांच्याकडे सरकली, हात जोडलेलेच होते तिचे. तिनं चौथं शील हळू आवाजात, एकही अक्षर न चुकवता म्हटलं आणि त्यांनी म्हणावं म्हणून थांबली.

ज्ञानदेवांनी ते तिच्यामागून जसंच्या तसं म्हटलं.