इनॉकनं टाळलेली जागा

माझा भाऊ इनॉक टिचनर हॅम्पशरच्या संघाचा गोलंदाज होता. घरात शेगडीवरचं दूध उतू गेलेलं त्याला दिसायचं नाही, पण जमिनीच्या पोटात काय आहे ते कळायचं.

मेंढवाड्याच्या फाटकावर चेंडू मारून तो शिकला. तेव्हा यष्ट्या म्हणजे दोन काठ्या आणि वर एक आडवी. चेंडू खालून हात फिरवून टाकायचा. नाणेफेक जिंकणाऱ्यानं काठ्या कुठं रोवायच्या ते ठरवायचं, आणि आमच्याकडून ते काम दादाचं. सामन्याच्या सकाळी तो बूट काढून माळावर टाच आपटत फिरायचा. मध्येच थांबायचा. "इथं. खाली पोकळ आहे."

तिथं टप्पा पडला की चेंडू उसळायचाच नाही, गवतातून सरपटत काठ्या पाडायचा. शेजारच्या गावात त्यानं निवडलेल्या जागी पुढं कुणी खांबासाठी खणलं, तर कवटी निघाली. "इनॉक, मेलेलेसुद्धा तुझ्याच बाजूनं खेळतात रे!" लोक म्हणायचे. दादा हसायचा नाही.

मग थर्झावहिनीचं पहिलं बाळ पाद्री यायच्या आत गेलं. बाप्तिस्मा नाही, म्हणून चर्चच्या आवारात पुरायला जागा नाही. दादानं ते माझ्या शालीत गुंडाळलं आणि एकटाच घेऊन गेला. परतला तेव्हा गुडघे खडूच्या मातीनं पांढरे झाले होते.

"कुठं ठेवलंस?" वहिनीनं विचारलं.

"चांगल्या जागी."

"कुठं ते सांग."

"सांगितलं तर तू तिथून उठायची नाहीस. लोक बघतील, पाद्र्याच्या कानावर जाईल, उकरून काढतील."

पाव कापताना, त्याचे मोजे रफू करताना वहिनी तेवढंच विचारायची. तो ताटात बघून जेवायचा. तिचं स्वतःचं जेवण सुटलं होतं. झगा अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा.

उन्हाळ्यात ससेक्सचा संघ आमच्या टेकडीवर आला. नाणेफेक आम्ही जिंकली. दादा अनवाणी निघाला, आणि उतारावर एका हिरव्यागार तुकड्याला वळसा घालून पुढं गेला. मेंढ्यांनी चौफेर गवत कुरतडलं होतं, तेवढा तुकडा सोडून.

खानावळवाला स्ट्राउड आमचा कप्तान. "अरे, ही जागा काय वाईट आहे?"

"इथं नको."

"का? बायकोनं सांगितलंय?" सगळे हसले. स्ट्राउडनं तो तुकडा बरोबर टप्प्यावर येईल अशा काठ्या रोवून घेतल्या.

वहिनी पावाची टोपली घेऊन माझ्या शेजारी उभी होती. दादाचा एक चेंडू लांब पडला, दुसरा आखूड. ससेक्सचा फलंदाज ओरडला, "गोलंदाजी करताय की कोंबड्यांना दाणे टाकताय?" वहिनी चेंडूकडे बघत नव्हती. चेंडू कुठं पडत नाही, ते बघत होती.

मग एक चेंडू दादाच्या हातून निसटला आणि नेमका त्या हिरवळीवर पडला. उसळला नाही, सरपटला नाही. थांबला. आणि हळूहळू चढावर मागं घरंगळत दादाच्या अनवाणी पायांशी आला. लहान मूल परत ढकलतं तसा.

"वारा!" फलंदाज म्हणाला. पण बायकांच्या टोप्यांच्या नाड्यासुद्धा हलत नव्हत्या.

दादानं चेंडू उचलला नाही. वहिनीनं टोपली माझ्या हातात दिली, सरळ मैदानात गेली आणि त्या हिरवळीच्या कडेला बसली.

"बाई, सामना चाललाय!" ससेक्सचं कुणीतरी ओरडलं. स्ट्राउडनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा दादाकडे. त्याचा चेहरा उतरला. त्यानं टोपी काढली. "पाद्रीबुवा आज आले नाहीत ना? बरं झालं. काठ्या उपटा रे, पार तिकडे रोवा. आणि कुणी काही पाहिलेलं नाही."

माणसं मुकाट्यानं काठ्या घेऊन गेली. दादा वहिनीजवळ येऊन गुडघ्यांवर बसला. ती रडेल, त्याला बोलेल, असं मला वाटलं होतं.

"डोकं कुठल्या बाजूला आहे?" तिनं विचारलं.

"तुझ्या उजव्या हाताशी."

तिनं तो हात अलगद उचलून मांडीवर घेतला, बाळावर भार पडू नये म्हणून.