सातव्या प्रश्नाला नापास

ट्रेनिंगनंतर अंगठा लावायची वेळ आली की ती तो मुठीत दाबून धरायची आणि म्हणायची, "पहिले दाखव, मंग अंगठा." आमच्या बुऱ्हाणपूरच्या यंत्रमाग कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायची. सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि मी, ट्रेनिंगचा बाबू, तिला चक्क भ्यायचो.

सक्तीचं ट्रेनिंग तुम्हीही केलं असेलच. पाऊण तास व्हिडिओ, मग टॅबवर दहा प्रश्न, मग अंगठा. व्हिडिओतला टायवाला बोलत असतो आणि समोरचे डुलक्या घेत असतात. दहाही उत्तरं बरोबर आली तरच गेटपास वर्षभर वाढतो, नाहीतर काम गेलं. म्हणून सगळे सरसकट 'हो' दाबायचे. मीच तसं शिकवलं होतं, खोटं कशाला बोलू!

त्या वर्षी मावशी सातव्या प्रश्नाला नापास झाली. 'कामाच्या वेळी मागचा दरवाजा उघडा असतो का?' तिने दाबलं, 'नाही'. नापास झालं की व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. तिने तो चार वेळा पाहिला, तोही मन लावून, आणि चारही वेळा 'नाही'च दाबलं.

"मावशी, 'हो' दाब आणि मोकळी हो! गेटपास जाईल तुझा."

"दाबते ना बेटा. दरवाजा उघडा आहे का?"

"कागदावर आहे."

"मंग आग लागली तर कागदातून पळू का?"

बाया खो-खो हसल्या. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! शनिवारी पास झालेल्यांची यादी हेड ऑफिसला जायची होती, आणि तिच्या घरात कमावणारी ती एकटीच. "भीती नाही वाटत काम जायची?" मी विचारलं.

"वाटते ना. दरवाजाची जास्त वाटते."

दुसऱ्या दिवशी तमाशाच झाला. आणखी अकरा बायांनी सातव्याला 'नाही' दाबलं. हेड ऑफिसचा फोन आला, "ट्रेनिंग देता की बंड करवता?" मी मॅनेजरसाहेबांना मागे घेऊन गेलो. दरवाजापुढे सुताची पोती छातीपर्यंत रचलेली, कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे ते देव जाणे. शेवटी हातोड्याने कुलूप तोडलं. मावशी त्या दरवाजातून बाहेर गेली, वळसा घालून पुढच्या गेटने आत आली आणि पाचव्यांदा व्हिडिओपुढे बसली. त्या दिवशी ती पास झाली.

पुढची दोन वर्षं मी व्हिडिओच्या आधी सगळ्यांना कारखाना फिरवून दाखवला. मग मावशीचे गुडघे गेले. काम सोडून ती नदीपलीकडे जैनाबादला लेकीकडे राहायला गेली. हळूहळू आमचं फिरणंही राहून गेलं. वर्ग आता शहाण्यासारखा चालतो आणि मला तिच्यावाचून अजिबात करमत नाही.

यंदा सगळेच्या सगळे पहिल्याच फेरीत पास झाले. हेड ऑफिसने शाबासकी पाठवली. मी फुगलो आणि तिला फोन लावला.

"मावशी, यंदा एकही नापास नाही!"



"अरे देवा," ती म्हणाली, "मंग जाऊन बघ ना बेटा, काय काय बंद करून ठेवलंय ते."