जावयाने मांडलेली गव्हाणी

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. छे, तुम्ही हसणारच. चहा तेवढा आधी संपवा, मग ठसका लागला तर मला बोल लावू नका.

तर, माझं नवंनवं लग्न झालं होतं. हिंजवडीत काचेच्या इमारती उगवायला लागल्या होत्या. त्यातल्याच एकीत मी आणि रूथ शेजारी बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो. चुका शोधता शोधता लग्न केलं. मी सदाशिव पेठेतला, ती खडकीची, मराठी ख्रिस्ती. लग्नाला दोन्ही घरचे आले, जेवले, आहेर दिला, गेले. त्यानंतर माझी आई आणि माझे सासरे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नाही हो. भांडायलासुद्धा ओळख लागते!

पहिला नाताळ आला. सासरे, म्हणजे पप्पा, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. बोलणं अगदी मोजकं. चोवीस तारखेच्या सकाळी त्यांनी एक पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली.

"मंदारराव, यंदा गव्हाणी तुम्ही मांडा. आजोबांच्या वेळच्या मूर्ती आहेत. जपून."

बाप रे! म्हणजे जावयाला घरात घेतलं म्हणायचं. येशूच्या जन्माचा देखावा तर मांडायचा, आणि गणपतीची आरास करण्यात आपला हात कोण धरणार? वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकेक मूर्ती काढली. मरिया, योसेफ, मेंढपाळ, तीन राजे, उंट, कान तुटलेली एक मेंढी. मधोमध गवत घातलेली गव्हाणी. मागच्या अंगणात मम्मी, म्हणजे सासूबाई, बंब पेटवत होत्या. घर पाहुण्यांनी भरलेलं, आंघोळीला ही रांग! मी कागदांचा बोळा उचलला आणि दिला बंबात. मस्त भडकला. कडकडीत पाण्याने आंघोळ केली आणि आपली कलाकुसर बघायला परत आलो.

गव्हाणी रिकामी!

तीन राजे बघतायत, मेंढपाळ बघतायत, उंटसुद्धा टक लावून बघतोय, आणि मध्ये नुसतं गवत. ज्याचा वाढदिवस तोच गायब!

ट्रंक उपडी केली. पलंगाखाली शिरलो. आणि मग लख्ख उजेड पडला. कागद! बंब! अहो, मी बाळ येशूला बंबात घातलं होतं. आणि वर त्याच पाण्याने आंघोळ केली होती!

चिमटा घेऊन बंबाखालची राख उकरायला बसलो. मागे मम्मी येऊन उभ्या.

"जावईबापू, राख कशाला?"

"भांडी... भांडी घासायला."

"अगंबाई! तुम्ही भांडी घासणार?"

घासली. काय करणार? मटणाच्या बिर्याणीचं पातेलं होतं, ते आत उतरून घासावं लागलं. रूथची मावशी येऊन बघून गेली, मग नवऱ्यालाही दाखवायला घेऊन आली.

रूथला सांगायचं? ती आधी पोटभर हसली असती आणि मग पप्पांना सांगून मोकळी झाली असती. मी गाडी काढली आणि कॅम्पातलं एक दुकान गाठलं.

"एक बाळ येशू द्या."

"सेट घ्यावा लागेल."

"नुसतं बाळ हवंय हो."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "आईपासून तोडून बाळ देत नाही आम्ही."

सेट बघितला, तर बाळ खरंच आईच्या मांडीला पक्कं चिकटवलेलं. तिथून थेट सदाशिव पेठ, आईकडे. माझं तोंड बघूनच ती म्हणाली, "काय करून आलास?" सगळं सांगितलं.

"लोकांचा देव जाळलास?" आई मटकन खाली बसली. "आधीच त्यांच्या मनात आपल्याबद्दल काय आहे देव जाणे, त्यात हे!"

मग उठली. देवघरापुढे जरा वेळ उभी राहिली आणि तिने पितळेचा रांगता बाळकृष्ण उचलला. माहेरून आणलेला. तो ती मलासुद्धा हाताळू द्यायची नाही.

"हा ने. परवा परत आण."

"आई, अगं हा कृष्ण आहे."

"मला सांगतोस? देवकीचा यशोदेकडे वाढलाच ना? दोन दिवस मेरीकडे राहील." दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तिकडे मटण शिजत असेल, नाही? स्वैपाकघराकडे पाठ करून ठेव."

मला भरून आलं, खरं सांगतो.

संध्याकाळी सगळे करंज्या तळण्यात गुंतलेले. मी गुपचूप काम उरकलं. रांगतं बाळ उताणं ठेवलं की हात वर येतो, आणि त्या हातात लोण्याचा गोळा! ढीगभर कापूस घातला. बाळ आहे एवढं कळावं, कोणाचं ते कळू नये.

नाताळच्या सकाळी चर्चहून आलो. मावश्या, मामा, पोरंसोरं, सगळे गव्हाणीभोवती बसले. आता पप्पांची गोष्ट. वर्षभर शिल्लक ठेवलेलं बोलणं ते त्या दिवशी खर्च करायचे. मरिया आणि योसेफ दमूनभागून बेथलेहेमात येतात, दारोदार विचारतात, आणि प्रत्येक दाराशी घरातली सगळी पोरं ओरडतात, "जागा नाही!" म्हाताऱ्या मावश्यासुद्धा ओरडत होत्या. मीही ओरडलो, जरा जास्तच जोरात.

"मग गोठ्यात बाळ जन्मलं, आणि मरियेने त्याला..." पप्पा थांबले. खिशातून रुमाल काढला. रुमालातून निघालं बोटभर लांबीचं बाळ! "...गव्हाणीत निजवलं. मंदारराव, यंदाचा मान तुमचा."

आणि बाळ माझ्या हातात!

"पप्पा, हे... तुमच्याकडे होतं?"

"मग? पंचवीस तारखेआधी गव्हाणीत कसं असेल? जन्म नको व्हायला?"

तेवढ्यात रूथची भाची वाकून बघत किंचाळली, "आजोबा, इथे एक आधीच जन्मलंय! लोणी खातंय!"

आता लपवतो काय कपाळ? सगळं ओकलो. बंब, राख, पातेलं, कॅम्प, आई. रूथ हसून हसून जमिनीवर लोळली. पप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी बाळकृष्णाचा कापूस हलकेच काढला.

"तुमच्या आईंनी देवघरातला दिला? आमच्या घराची शोभा होऊ नये म्हणून?"

स्वच्छ ताटलीत ठेवून त्यांनी तो कपाटावर नेला. स्वैपाकघराकडे पाठ करून! आणि आईला फोन लावला.

"विहीणबाई, तुमचा बाळ आमच्याकडे सुखरूप आहे. नाही, धाकटा. थोरल्याचं काही विचारू नका. जेवायलाच या. तुमचा वरणभात वेगळ्या पातेल्यात लावतो."

तासाभरात आई रिक्षाने हजर. येताना तिळाच्या वड्या. सगळा प्रकार ऐकला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे गाढवा, रामनवमीला दुपारी बाराच्या आधी पाळण्यात राम पाहिलायस कधी? दरवर्षी पाळण्याची दोरी तर तुझ्याच हातात असायची!"

"त्याचं लक्ष सुंठवड्याकडे असणार, विहीणबाई," पप्पा म्हणाले.

"अगदी बरोबर ओळखलंत!"

आणि दोघंही जी हसायला लागली, ती जेवणाची पानं मांडेपर्यंत थांबली नाहीत. आमच्या दोन घरांचं आयुष्यात पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. माझ्या अकलेवर.