रशियन ऑपेरात अण्णांचा ‘वन्स मोअर’

मला ऑपेरातलं ओ की ठो कळत नाही. पण हे अर्बाबांना सांगायची माझी छाती नव्हती.

अर्बाब म्हणजे आमच्या फर्निचर कंपनीचे ओमानी मालक. मस्कतमधल्या अल् खुवैरच्या ऑफिसातून कुणाला तरी ते दूरच्या रुस्ताकच्या शोरूमला बदलीवर पाठवणार होते. बायकोने बजावलं होतं, "गेलात तर एकटे जा! मी मस्कत सोडणार नाही." म्हणून अर्बाबांची मर्जी राखायला हवी होती. त्यांनी "ऑपेरा समझता है?" विचारताच मी "बहुत शौक है!" म्हणून मोकळा झालो. झालं! त्यांनी मला आणि पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, ऑपेरा हाउसमध्ये थेट आपल्या शेजारी बसवलं. (अण्णा संगीत नाटकांवर पोसलेले.)

रशियन लोककथा आहे, एवढं बाहेरच्या पोस्टरवरून समजलं होतं. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर छोट्या स्क्रीनवर इंग्रजीत अर्थ येत होता. "हे कसलं बटण?" म्हणत अण्णांनी माझ्या स्क्रीनचं बटण दाबलं. इंग्रजीचं अरबी झालं! मी पुन्हा दाबलं, तर स्क्रीनच बंद!

"ये औरत कौन?" अर्बाबांनी विचारलं.

"हीरो की माँ," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात हीरोने तिच्याच गळ्यात हार घातला!

"माँ से शादी?"

"नहीं नहीं! जादूगरनी है. माँ बनके आई थी!"

"जावईबापू, ही भैरवी वाटते. संपलं का?" अण्णा कुजबुजले.

"रशियन भैरवी आहे. मधेच गातात."

शेवटी ती बाई जीव तोडून गायली आणि गतप्राण झाली. थिएटर चिडीचूप. अण्णा डोळे पुसत ताडकन उभे राहिले.

"वन्स मोअर!"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी खुर्चीत जमेल तेवढा आत शिरलो.

"मर गई ना? फिर से मारना है?" अर्बाबांनी विचारलं.

"हमारे यहाँ इसको इज्जत बोलते हैं," मी घाम पुसत म्हणालो.

बाहेर पडताना अर्बाब शांतपणे म्हणाले, "मेरे स्क्रीन पे सब अरबी में आ रहा था. वो माँ भी नहीं, जादूगरनी भी नहीं. नदी की बेटी थी."

मी अण्णांना पुढे करून त्यांच्या मागे सरकलो.

"लेकिन तुम्हारी कहानी ज्यादा अच्छी थी! कुछ मालूम नहीं, फिर भी कितना पक्का बोलता है! रुस्ताक में ऐसा ही सेल्समन चाहिए. खलास, तय हो गया! संडे से जाओ."

घरी बायकोने दारातच विचारलं, "शेवट कसा होता हो?"

"फार वाईट. हीरो एकटा पडतो," मी म्हणालो.

अख्ख्या ऑपेरातलं तेवढंच मी बरोबर सांगितलं!